गच्चीवरचा फ्लॅग लूप : लो बँड स्पर्धेआधी हे वाचा

(आमच्याकडून रिसीव्हिंग लूपचं, म्हणजे १६० आणि ८० मीटरच्या लो बँडवर फक्त ऐकायच्या तारेच्या अँटेनाचं, किट नेणाऱ्या हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्रांसाठी)

किट लावलं की पहिल्याच रात्री बऱ्याच जणांचा फोन येतो. "अँटेना मेलेली आहे हो, एस-मीटरचा काटा नऊवरून चारवर आला!" एस-मीटर सिग्नलची ताकद दाखवतो, त्याचा काटा खाली यायलाच हवा. हा लूप पूर्ण आकाराच्या व्हर्टिकलपेक्षा (उभ्या अँटेनापेक्षा) सुमारे ३० डेसिबल कमी सिग्नल देतो, म्हणून तर सोबत प्रीअँप (सिग्नल वाढवणारा डबा) दिला आहे. काट्याकडे बघू नका, हेडफोन लावा. स्टेशनचा आवाज खाली गेला असेल, पण गोंगाट त्याहून जास्त खाली गेला असेल, आणि मघाशी खरखरीत बुडालेला कॉल साइन (स्टेशनची खूण) आता अक्षर अक्षर लागेल.

मुंबईत १६० आणि ८० मीटरवर पाठवण्याची अडचण मोठी नाही, ऐकण्याची आहे. प्रत्येक फ्लॅटमध्ये एलईडी दिवे, चार्जर, सेट-टॉप बॉक्स. वर लिफ्टचा ड्राइव्ह. आता सोलर इन्व्हर्टरही. तुमचा सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का' ही हाक, युरोपात ऐकू जातो, तिथला माणूस उत्तरही देतो, आणि तुम्ही मात्र पुन्हा सीक्यूच देत राहता. स्पर्धेत याने होणारं नुकसान लॉगमध्ये दिसत नाही, म्हणून ते जास्त जिव्हारी लागतं.

रेझिस्टर कुणीकडे?

हा कागद एवढ्यासाठीच काढला आहे, तेव्हा हे शांतपणे वाचा.

लूप आडवा आयताकृती आहे, ८.८ मीटर लांब आणि ४.३ मीटर उंच. एका उभ्या बाजूच्या मध्यावर ट्रान्सफॉर्मर (केबल इथे जोडायची), दुसऱ्या उभ्या बाजूच्या मध्यावर ९५० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूने येणारं ऐकू येतं, रेझिस्टरच्या बाजूने येणारं दबतं. ज्यांनी बेव्हरेज अँटेनाबद्दल (जमिनीलगत ताणलेली लांब तार) वाचलं आहे त्यांची इथे हमखास चूक होते, कारण बेव्हरेजमध्ये नेमकं उलट असतं, तिथे रेझिस्टरचं टोक स्टेशनकडे करतात. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकन हॅम पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसनला अशीच लांबलचक तार टाकून अमेरिकन हौशी स्टेशनं ऐकली होती. १६० मीटर बँडसाठी ती तार निदान एक तरंगलांबीची हवी, म्हणजे तेवढेच मीटर. दादरला किंवा मुलुंडला एवढी जागा कुणाकडे आहे? म्हणून गच्चीवर फ्लॅग. त्याला जमिनीतलं अर्थिंगही लागत नाही, सातव्या मजल्यावरही तो तसाच चालतो.

आता मुंबईचं भाग्य बघा. इथून लंडन उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ४१ अंशांवर, म्हणजे वायव्येला. न्यूयॉर्कही त्याच बाजूला, उत्तरेकडे थोडं सरकून, सुमारे २७ अंशांवर. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात विजांचा कडकडाट कुठे चालू असतो? तमिळनाडू, श्रीलंका, त्यापलीकडे इंडोनेशिया. हे सगळं आग्नेयेला, युरोपच्या जवळजवळ पाठीमागे. म्हणजे ट्रान्सफॉर्मर वायव्येला आणि रेझिस्टर आग्नेयेला ठेवला की हवी ती दिशा समोर येते आणि नको ती आपोआप पाठीला. या शहरातल्या हॅमला निसर्गाने दिलेली ही एवढी एकच सवलत आहे, ती वाया घालवू नका. जपान ईशान्येला, सुमारे ५९ अंशांवर. त्यासाठी दुसरा लूप आणि रिले बॉक्स (लूप बदलणारा स्विच) लागतो. दोन्ही आमच्याकडे आहेत, पण पहिला मोसम एका लूपवर काढा.

बांधणी

खांब बांबूचे किंवा फायबरचे असू द्या, लोखंडी नकोत. मंडपवाल्याकडून आणलेले साडेसहा मीटरचे दोन सरळ बांबू पुरतात. खालची तार डोक्यावरून जाईल इतकी उंच ठेवा, गच्चीवर वाळवणं घालणाऱ्या मंडळींचा विचार करा. सोसायटीच्या कमिटीला आधी पत्र द्या आणि सांगा की या अँटेनातून काही पाठवलं जात नाही, हे फक्त ऐकायचं साधन आहे. लिफ्टच्या मशीन रूमपासून आणि पाठवायच्या अँटेनापासून शक्य तितकं दूर जा.

जागा ठरवण्याआधी एक काम कराच. बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला, १६०० किलोहर्ट्झच्या आसपास जिथे स्टेशन नाही तिथे लावा आणि गच्चीभर फिरा. खरखर कुठे वाढते ते कान सांगतील. मग रेडिओ आडवा फिरवत जा. आतल्या फेराइट कांडीचं टोक गोंगाटाकडे वळलं की आवाज पडतो. आमच्या एका ग्राहकाला अशाच फेरीत समजलं की सगळा गोंगाट त्याच्याच जिन्यातल्या एका एलईडी दिव्याचा होता. दिवा बदलला, काम झालं.

केबल म्हणून केबल टीव्हीची आरजी-६ उत्तम, ७५ ओहमची, स्वस्त आणि लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळणारी. पण तीच केबल बाहेरच्या बाजूने घरातला गोंगाट गोळा करून लूपपर्यंत नेते. त्यासाठी दिलेले दोन फेराइट चोक (हा गोंगाट अडवणारे) लावा, एक लूपजवळ, एक रेडिओजवळ. तपासणी सोपी आहे : लूप सोडवून ट्रान्सफॉर्मरच्या लूपकडच्या दोन टोकांना लूपमधल्या रेझिस्टरइतक्याच, म्हणजे ९५० च्या आसपास, ओहमचा रेझिस्टर लावा. रेडिओ जवळजवळ गप्प व्हायला हवा. नाही झाला, तर गोंगाट केबलमधून येतो आहे. अँटेनाला दोष देऊ नका.

प्रीअँपच्या आधी हायपास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) राहू द्या. आकाशवाणीच्या मीडियम वेव्हच्या ताकदीने प्रीअँप भरून जातो आणि बँडभर भुतं, म्हणजे तिथे नसलेले सिग्नल, दिसू लागतात. ट्रान्समिटच्या वेळी प्रीअँप तोडणारा रिले तर काढूच नका.

स्पर्धेच्या रात्री

सीक्यू वर्ल्ड वाइड स्पर्धेची सीडब्ल्यू (मोर्सची) फेरी नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते, आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. सीक्यू १६० ची सीडब्ल्यू फेरी जानेवारीच्या शेवटी. दोन्हीत आपण ५९९ (समोरच्याच्या सिग्नलचा शेरा) आणि झोन २२ (आपला विभाग) देतो.

खरी कमाई पहाटेची. जानेवारीच्या अखेरीस आपला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सहा ते सव्वासात या वेळात युरोपात काळोख असतो, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्र चढत असते, आणि दोन्ही तुमच्या लूपच्या समोर. त्या तासाला चहा आधीच करून ठेवा. संध्याकाळी सूर्यास्तानंतर जपान आणि पूर्वेकडे वळा, तिथे रात्र आधीच झालेली असते.

सीक्यू देताना लूपवरच अडकून राहू नका. पाठीमागून कुणी हाक मारली तर ती लूपवर ऐकूच येणार नाही. दर काही मिनिटांनी व्हर्टिकलवर एक नजर टाका, नुसती कुजबुज वाटली तरी थांबा. दोन रिसीव्हरचा रेडिओ असेल तर एका कानात लूप, दुसऱ्यात व्हर्टिकल. हाताला सवय लागायला एक रात्र लागते.

पाठवताना आपल्या परवान्यातल्या फ्रिक्वेन्सी आणि पॉवरच्या मर्यादेतच राहा.

गडगडाट ऐकू आला की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. मे महिन्याच्या शेवटी लूप उतरवा. खाऱ्या हवेने एफ कनेक्टर हिरवे पडतात, त्यांना आतून-बाहेरून ग्रीस लावून टेप गुंडाळा. संक्रांतीला मांजाने तार तुटली, तर जोडण्याच्या भानगडीत न पडता नवी घ्या. पाठवायची अँटेना जवळ असेल तर रेझिस्टर जळू शकतो, म्हणून किटमध्ये एक जादा दिला आहे. तोही जळला, तर दुकानात येताना जळालेला सोबत आणा. तो पाहून लूप कुठे सरकवायचा ते सांगता येतं.