होडीतून उतरून काठावर: स्टीलहेडच्या गळाची पार्श्वभूमी

डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने ऑलिम्पिक द्वीपकल्पातल्या होह, बोगाशिल अशा नद्यांसाठी नवे नियम लागू केले. होडीने नदीत फिरायला हरकत नव्हती, पण गळ टाकायचा तर खाली उतरून. चारा लावायचा नाही. गळ एकच, तोही उलटा काटा नसलेला. नैसर्गिक, म्हणजे उबवणी केंद्रातला नसलेला, स्टीलहेड मासा लागला तर तो परत सोडायचा. समुद्रातून परतणारे मासे घटत चालले होते, म्हणून हे पाऊल. होडीवाला दिवसभरात एकामागून एक डोह धुंडाळतो. काठावरच्या माणसाचा हात तेवढा लांब पोचत नाही, आणि उरलेलं पाणी माशाला विसाव्याला मिळतं. मला हा नियम मनापासून पटतो.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. जन्म नदीत, वाढ पॅसिफिक महासागरात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत, आपल्या हिलशासारखं. पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतात, स्टीलहेडमधले काही मासे मात्र जगून पुन्हा समुद्र गाठतात. (मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो रावस, त्याचं या कुळाशी नातं नाही.) शास्त्रज्ञांनी स्टीलहेड बराच काळ अटलांटिक सॅमनच्या प्रजातीत धरला होता, 1989 मध्ये तो पॅसिफिक सॅमनच्या प्रजातीत आला.

हिवाळ्यात नद्या पावसाने फुगलेल्या असतात तेव्हा हा मासा वर चढतो. गार पाण्यात तो तळाशी दबून असतो आणि चाऱ्यामागे फारसा धावत नाही. चारा त्याच्या तोंडापुढूनच वाहत जायला हवा. काठावरचं सगळं सामान या एका गोष्टीभोवती घडलं आहे. साधारण नऊ फुटी काठी, तिला नायलॉनची तंगूस, शेवटी शिशाचा तुकडा आणि त्यापुढे हात-दीड हाताच्या बारीक दोऱ्याला गळ. वरच्या अंगाला फेकायचं आणि प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यायचं. शिसं तळाच्या गोट्यांवर टक-टक करत येतं, ती टकटक काठीतून बोटांना कळते. ती मध्येच थांबली की काठी उचलायची. दगड असेल नाहीतर मासा.

म्हणून काठीचं साहित्य महत्त्वाचं. आधी बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेल्या काठ्या आणि रेशमी दोर होता. नायलॉन 1938 मध्ये जाहीर झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या, आणि 1970 च्या दशकात ग्रॅफाइटच्या, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या. हलक्या, ताठ ग्रॅफाइटमधून तळाची बारीकशी हालचालही हाताला जाणवते. तरंगा लावून गळ सोडणाऱ्यांची काठी आणखी लांब, दहा-तेरा फुटांची, म्हणजे दोर पाण्यावर न पसरता वर उचललेला राहतो. त्यांच्यातले काहीजण मोकळं फिरणारं सेंटरपिन रीळ वापरतात. ते मूळचं इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचं.

चारा म्हणजे मुख्यतः सॅमनची गाबोळी. मीठ, साखर आणि टाकणखार लावून ती मुरवतात आणि गळाच्या दांड्यावर दोऱ्याचा फास करून त्यात अडकवतात. पण गाबोळी मासा खोल गिळतो, मग गळ काढताना तो जखमी होतो. म्हणून चारा-बंदी. आता तिच्या जागी प्लास्टिकचे मणी, रंगीत लोकर आणि चमच्याच्या आकाराचे धातूचे तुकडे आले आहेत.

मासा कोणाचा, हा वाद मात्र सामानाहून जुना. 1850 च्या दशकातल्या करारांत इथल्या मूलनिवासी जमातींनी आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला होता. पुढे 1925 मध्ये राज्याने स्टीलहेडला हौशी गळवाल्यांचा मासा ठरवलं, आणि जाळं टाकणाऱ्या मूलनिवासींना अटका होत राहिल्या. 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा करारबद्ध जमातींचा ठरवला. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल मुख्यतः टिकला.

धरणं आणि जंगलतोडीने घटलेली संख्या भरून काढायला राज्याने उबवणी केंद्रांतून पिल्लं सोडली. त्यांच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून टाकतात. त्यामुळे गळवाला मासा पाण्यातच धरतो आणि ओलं बोट पाठीवरून शेपटीकडे फिरवतो. तिथे नुसता व्रण लागला तर मासा उबवणी केंद्रातला. नखाएवढा मऊ पर लागला, तर पकड सैल करायची आणि तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः शेपूट हलवेपर्यंत थांबायचं.