सीझियम आणि स्ट्रॉन्शियम: माती दोघांना सारखं धरत नाही

चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताचा विषय निघाला की सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 ही किरणोत्सारी द्रव्यं जोडीनेच येतात, त्यात दोघांचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, 30 वर्षांच्या आसपास, मग लोक धरूनच चालतात की जमिनीत पडल्यावर दोघं सारखीच वागणार. अजिबात नाही, आणि हा फरक समजून घ्यायलाच हवा.

सीझियम हा पोटॅशियमचा भाऊबंद. बऱ्याच चिकणमातीत इलाइट नावाचं खनिज असतं, पातळ पापुद्र्यांचं, जुन्या वहीसारखं, आणि कडेला पापुद्रे जरा सुटलेले असतात. सीझियम नेमकं त्या फटीत शिरतं, पापुद्रे मिटतात आणि मग पाऊस कितीही पडो, ते सहसा सुटत नाही. 2011 च्या अणुअपघातानंतर जपानच्या फुकुशिमात शेतांची वरची साधारण 5 सेंटीमीटर माती खरवडून काढली ती यामुळेच, बहुतेक सीझियम तिथेच बसलं होतं. पण चिकणमाती सगळी एकसारखी नसते हं, आपल्या काळ्या मातीत मोंटमोरिलोनाइट जास्त, ते पाणी पिऊन फुगतं पण सीझियमला इलाइटइतकं घट्ट पकडत नाही.

आणि चिकणमाती जवळपास नसेलच तर? ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांवर पीट आहे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची आंबट जमीन. तिथे चेर्नोबिलचं सीझियम मोकळंच राहिलं, गवतात गेलं, गवतातून मेंढ्यांत. विकण्याआधी मेंढीला मीटर लावून बघायचे, मांसात किलोला 1000 बेकरेलच्या (किरणोत्साराचं माप) वर निघाली तर अंगावर रंगाची खूण, आणि हे 1986 पासून थेट 2012 पर्यंत चाललं! इतक्या लांब, ते सीझियम खाली आणणाऱ्या एका पावसामुळे.

स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वळणावर गेलंय. मातीचे कण त्याला धरतात पण वरवर, कॅल्शियम आलं की ते जागा सोडतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. चेर्नोबिलजवळच्या लाल जंगलातली किरणोत्साराने मेलेली पाइनची झाडं 1987 मध्ये वाळूत चर खणून पुरली, तर त्या चरांखालच्या भूजलात स्ट्रॉन्शियम पोचलं आणि सीझियम बहुतेक चराजवळच थांबलं. खड्डा तोच, पाऊसही तोच.

उपायही म्हणून वेगळे. स्ट्रॉन्शियमसाठी आंबट जमिनीत चुना टाकतात, कॅल्शियम वाढलं की पीक स्ट्रॉन्शियम कमी उचलतं. सीझियमसाठी पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, फुकुशिमाच्या भातखाचरांत तेच टाकलं, मुळांना पोटॅशियम पोटभर मिळालं की ती सीझियमच्या मागे फारशी लागत नाहीत.