सुल्फुदा आणि सुल्फॉहादा: कोरियनमध्ये भावनांना दोन रूपं कुठून आली

कोरियन शिकणारे बहुतेक जण सुरुवातीलाच इथे अडकतात. 'मला वाईट वाटतंय' म्हणायचं तर 'सुल्फुदा' या विशेषणाचं 'सुल्फॉयो', पण धाकट्या भावाला वाईट वाटतंय हे सांगायला तेच रूप चालत नाही, तिथे 'सुल्फॉहादा' या क्रियापदाचं 'सुल्फॉहेयो' लागतं. पुस्तकात कारण एका ओळीत उरकलेलं असतं: दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही, फक्त वागणं दिसतं, म्हणून विशेषणाला 'हादा' म्हणजे 'करणं' जोडून क्रियापद करा. मराठीत आपण 'त्याला वाईट वाटलं' बिनधास्त म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हा नियम उगाच डोक्याला ताप वाटतो.

खरं तर ही उलटापालट पाचेकशे वर्षांची आहे. राजा सेजोंगने 1446 मध्ये हंगुल लिपी जाहीर केली आणि तिथपासून कोरियन शब्दांचे प्रत्यय नीट लिहिलेले सापडायला लागतात, कारण त्याआधी बहुतेक लिखाण चिनी अक्षरांत चालायचं आणि त्यात शेपट्या दिसणं कठीण. त्या जुन्या मजकुरात 'आनंदणे' अशा अर्थाचं 'कित्ता' हे सरळ क्रियापद आहे, त्याला 'बु' प्रत्यय लावला की विशेषण तयार, तेच आजचं 'किप्पुदा'. 'सुल्था' म्हणजे शोक करणं, त्यातून 'सुल्फुदा'. म्हणजे आधी क्रियापद, मग विशेषण! पुढे 'कित्ता' आणि 'सुल्था' वापरातून गेली, विशेषणं तेवढी टिकली, आणि क्रियापदाची गरज तर होतीच, मग त्याच विशेषणांना 'हादा' चिकटवून 'किप्पॉहादा', 'सुल्फॉहादा'. हादा लावायची पद्धत तशी जुनीच, फक्त आधी ती मूळ क्रियापदालाही लागायची. काही जोड्या मात्र अजून जिवंत आहेत: 'आल्था' म्हणजे आजारी असणं आणि त्यातून 'आफुदा', दुखणं, 'कोल्था' म्हणजे उपाशी राहणं आणि त्यातून भुकेचं 'कोफुदा'. मला तरी हे कळल्यावर पाठांतर सोपं झालं.

विशेषण आणि क्रियापद वेगळे गट मानायचे हे व्याकरणात बसवायचं काम चू शिग्यॉंग या कोरियन व्याकरणकाराने केलं. जपानने कोरिया गिळला त्याच 1910 साली त्याचं व्याकरण आलं, त्यात विशेषणाला 'ऑत' आणि क्रियापदाला 'उम' अशी देशी नावं होती. त्याचा शिष्य छ्वे ह्यॉनबेने 1937 मध्ये ते पुढे नेलं, 1942 मध्ये जपानी राजवटीत कोरियन भाषासंस्थेच्या लोकांची धरपकड झाली त्यात तोही तुरुंगात गेला तो 1945 लाच सुटला. त्याची देशी नावं शाळेत फारशी टिकली नाहीत, चिनी मुळाची संज्ञा जिंकली, पण गट तेच राहिले. फरक ओळखायची खूणही सोपी आहे, लिखाणात वर्तमानकाळी क्रियापदाला 'न्दा' लागतो आणि विशेषणाला नाही: 'सुल्फुदा', पण 'सुल्फॉहान्दा'.

यातूनच आणखी एक नियम निघतो, विशेषणाला आज्ञार्थ नाही. 'घाबरू नका' म्हणायला 'मुसॉवॉहाजी मासेयो', 'मुसॉप्ता' (भीती वाटणं) या नुसत्या विशेषणाला 'मासेयो' (नका) जोडून चालत नाही. पण कोरियन माणूस जवळच्या माणसाला 'आफुजी मा', आजारी पडू नकोस, असं सर्रास म्हणतो आणि निरोप घेताना 'कॉन्गांगहासेयो', तब्येत सांभाळा, हेही. व्याकरणवाले नाकं मुरडतात, लोक ऐकत नाहीत. परीक्षेत मात्र नियमच पाळा.