२०२१ मध्ये ई-पास नामंजूर का व्हायचा? कारण आणि कागद

कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात २३ एप्रिल २०२१ पासून खासगी गाडीने जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास, म्हणजे ऑनलाइन मिळणारा प्रवास परवाना, पुन्हा सक्तीचा झाला होता. अत्यावश्यक सेवेतल्यांना तो लागत नव्हता, ओळखपत्र जवळ लागायचं. बाकीच्यांसाठी कारणं मोजकीच होती: वैद्यकीय निकड, कुटुंबातलं गंभीर आजारपण, अंत्यविधी. ‘गावी जायचे आहे’ किंवा ‘घरगुती काम’ एवढंच लिहिलेला अर्ज टिकत नव्हता. लग्नाला २५ जणांची मुभा होती, पण म्हणून परजिल्ह्यातल्या पाहुण्याला पास मिळेल असं धरून चालता येत नव्हतं.

अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर भरावा लागायचा, तोही इंग्रजीत. पैसे लागत नव्हते. कुणी व्हॉट्सॲपवर पैसे घेऊन पास ‘काढून देतो’ म्हणत असेल तर त्याच्या नादी लागणं धोक्याचं होतं. बनावट पास निघाला की गुन्हा तो वापरणाऱ्यावरही यायचा.

प्रवास जिथून सुरू होणार तो जिल्हा किंवा पोलीस आयुक्तालय निवडायचं होतं. बरेच जण जिथे पोचायचं ते निवडायचे. मग नाव, मोबाइल, गाडीचा नंबर, सहप्रवासी, तारखा. चारचाकीत चालक आणि त्याशिवाय प्रवासी क्षमतेच्या निम्मेच बसू शकत होते, म्हणून अख्ख्या घराची नावं घालून चालत नव्हतं. परत यायचं असेल तर ते याच अर्जात नोंदवायचं आणि शेवटची तारीख त्या हिशोबाने द्यायची. मुदत संपलेला पास वापरणं हाही गुन्हाच होता.

खरी अडचण कागदांची होती. फोटो २०० केबीच्या आत आणि सगळे कागद एकाच फाइलमध्ये, १ एमबीच्या आत लागायचे. मोबाइलवर काढलेला एकच फोटो याहून मोठा भरायचा, त्यामुळे आधी आकार कमी करावा लागायचा. पण अक्षरं वाचता यायला हवी होती. आधार कार्डासोबत कारणाचा पुरावा जोडायचा: रुग्णालयाचा दाखल केल्याचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी. माणूस गेला त्याच दिवशी मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? बहुतेक वेळा तो हाती नसतोच. अशा वेळी रुग्णालयाने किंवा डॉक्टरांनी जे लिहून दिलं असेल ते जोडायचं. काहीच नसेल, किंवा इंटरनेट नसेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं. तिथे अर्ज भरायला मदत करण्याच्या सूचना होत्या. दुःखातल्या माणसाला केबी-एमबीत अडकवणारी ही पद्धत सोपी करायलाच हवी होती.

अर्ज गेला की टोकन क्रमांक मिळायचा. तो लगेच लिहून ठेवावा लागायचा, कारण पुढे स्थिती पाहायला आणि मंजूर पास उतरवायला तोच लागायचा. टोकन म्हणजे पास नव्हता. ते दाखवून नाका ओलांडता येत नव्हता.

तेव्हा सोसायटीतल्या तरुणांना एक विनंती होती. इमारतीतल्या एकट्या वृद्धांचे अर्ज तुम्ही भरून द्या, टोकन त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. आणि ज्यांचे आईवडील दुसऱ्या जिल्ह्यात आहेत त्यांनी अर्जाआधी तिथल्या शेजाऱ्यांना फोन करून पाहावा. औषधं, भाजी, डबा एवढीच गरज असेल तर ती शेजारी त्याच दिवशी भागवू शकत होते. पाससाठी थांबायची गरज नव्हती. पाचपेक्षा जास्त कोरोना रुग्ण असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरायची आणि बाहेरच्यांना आत सोडत नव्हते, त्यामुळे तिथे सामान फाटकापर्यंतच पोचवायचं, हे आधीच ठरवून घ्यावं लागायचं.