कॅनडातील बहुसांस्कृतिकता व सार्वजनिक सेवा

बाहेरून आलेल्यांनी आपली भाषा, धर्म व चालीरीती न सोडता समान नागरिक म्हणून नांदावे, हे कॅनडाचे अधिकृत धोरण आहे. पंतप्रधान पियेर ट्रुडो यांनी ८ ऑक्टोबर १९७१ रोजी ते संसदेत जाहीर केले आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याआधीचा इतिहास मात्र फारसा उदार नाही. चिनी स्थलांतरितांवर १८८५ पासून डोईपट्टी, म्हणजे माणशी आकारलेला प्रवेशकर, होती. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजावरील ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना, ब्रिटिश प्रजाजन असूनही, व्हँकूव्हरहून माघारी पाठवण्यात आले. १९६७ च्या गुणांकन पद्धतीने वंशाऐवजी शिक्षण, भाषा व कौशल्य पाहिले जाऊ लागले आणि भारतीयांना, त्यांत मराठी कुटुंबांनाही, वाट मोकळी झाली. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २३ टक्के लोकसंख्या स्थलांतरितांची होती.

या धोरणाची खरी कसोटी भाषणांत नव्हे, दवाखान्यात लागते. सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा प्रथम सस्कॅचवान प्रांताने १ जुलै १९६२ रोजी लागू केला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. आज प्रत्येक प्रांतात अशी योजना आहे आणि तिचा हक्क नागरिकत्वावर नव्हे, तर प्रांतातील कायदेशीर रहिवासावर ठरतो. त्यामुळे कायम वास्तव्याचा परवाना घेऊन आलेले कुटुंब, काही प्रांतांत तीन महिन्यांपर्यंत थांबून, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या शेजाऱ्यासारखेच आरोग्यपत्र (हेल्थ कार्ड) दाखवते आणि बिल न भरता बाहेर पडते. डॉक्टरचे पैसे प्रांत देतो. चष्मा आणि रुग्णालयाबाहेर घेतलेली औषधे यांचा खर्च मात्र बहुतेक प्रौढांना स्वतः किंवा खासगी विम्यातून करावा लागतो, हे नवागतांना बरेचदा पहिली पावती हातात पडल्यावरच कळते. फॅमिली डॉक्टर मिळणेही सोपे नाही, आणि परदेशात शिकलेले अनेक डॉक्टर त्याच वेळी व्यवसायाच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालत असतात. ही विसंगती धोरणकर्त्यांना सुटलेली नाही.

फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताची वाट वेगळी आहे. तेथे निधर्मी शासन व फ्रेंच भाषा यांवर भर असून, २०१९ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षक, पोलीस इत्यादींना कामावर पगडी, हिजाब किंवा क्रूस घालण्यास मनाई केली. आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांना त्यातून सूट मिळाली, पण ते त्याच पदावर राहतील तोवरच.