व्हिएतनामचे हेरॉइन आणि घरी परतलेले सैनिक

1971 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांनी व्हिएतनामचा दौरा करून अहवाल दिला, की तिथे युद्धावर असलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी 10 ते 15 टक्के हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. हेरॉइन तिथे स्वस्त आणि जवळजवळ शुद्ध मिळे, आणि बहुतेक जण ते सुईने न टोचता सिगारेटमधून ओढत. हे हजारो तरुण तीच सवय घेऊन आपापल्या गावी उतरतील, ही धास्ती राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रशासनाने घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जेरोम जाफी यांच्याकडे एक विशेष कार्यालय सोपवण्यात आले आणि मायदेशी निघालेल्या सैनिकांची लघवी तपासण्याची सक्ती झाली. अंश सापडला, तर व्यसन उतरेपर्यंत परतीचे विमान चुके. घरी जाण्याची ओढ इतकी होती, की या अटीपुढे अनेकांनी हेरॉइन आधीच सोडले.

मात्र या प्रकरणाचे खरे मोल तपासणीपेक्षा तिच्यानंतर झालेल्या पाठपुराव्यात आहे. सेंट लुईसमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ली रॉबिन्स यांनी सप्टेंबर 1971 मध्ये परतलेल्या सुमारे 900 सैनिकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या सांगण्याची लघवीच्या तपासणीने पडताळणीही केली. व्हिएतनाममध्ये असताना आपण व्यसनी झालो होतो, असे सुमारे 20 टक्क्यांनी सांगितले. परंतु यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले केवळ 5 टक्के होते आणि तीन वर्षांत हे प्रमाण 12 टक्क्यांपर्यंतच गेले. याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे, या व्यसनींपैकी जवळजवळ निम्म्यांनी परतल्यावर हेरॉइन पुन्हा घेतलेही होते, तरी बहुतेकांना व्यसन लागले नाही. उपचार तर फारच थोड्यांनी घेतले.

हेरॉइनची चटक लागली की सुटका नाही, असे मानणाऱ्या धोरणकर्त्यांना हे आकडे पचणे कठीण होते. अर्थात, केवळ परिसर बदलला म्हणून व्यसन गेले, हा पुढे रूढ झालेला निष्कर्षही मला उतावळा वाटतो: हे सैनिक तरुण होते, बहुतेकांनी सुई वापरली नव्हती, आणि मायदेशी हेरॉइन महाग, भेसळीचे आणि अटकेची भीती घालणारे होते. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढण्यासाठी या अभ्यासाची आखणी झालेली नव्हती.