राज्यशास्त्रातील संशोधनपद्धतींचा वाद

राजकारणाविषयीचे एखादे विधान कोणत्या पुराव्यावर खरे मानायचे, या प्रश्नावरून राज्यशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये चालत आलेल्या मतभेदांना संशोधनपद्धतींचा वाद म्हणतात. आकडेवारी विरुद्ध वर्णन असे त्याचे स्वरूप सहसा सांगितले जाते, पण ते अपुरे आहे. मत हे एकट्या व्यक्तीचे असते की कुटुंबाचे, जातीचे वा गावाचे, आणि दोन देशांतील घटना एका मापाने मोजता येतात का, हे या वादाचे खरे मुद्दे आहेत.

पहिल्या महायुद्धापर्यंत हे शास्त्र मुख्यतः राज्यघटना, कायदे आणि संस्थांचा इतिहास यांभोवती फिरत होते. 1920 च्या दशकात शिकागो विद्यापीठातील चार्ल्स मेरियम यांनी मानसशास्त्र आणि संख्याशास्त्राची साधने वापरण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर नमुना पाहण्यांच्या (निवडक लोकांना प्रश्न विचारून केलेल्या पाहण्यांच्या) बळावर वर्तनवाद, म्हणजे संस्थांऐवजी माणसांचे प्रत्यक्ष राजकीय वर्तन मोजून अभ्यासण्याची पद्धत, अमेरिकेत प्रस्थापित झाला. जुन्या संस्थाकेंद्री अभ्यासाविरुद्धच्या या बंडाला यश आल्याचे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट डाल यांनी 1961 मध्ये लिहिले. परंतु आठच वर्षांनी, अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना डेव्हिड ईस्टन यांना आपल्या सहकाऱ्यांना बजावावे लागले की, समाजापुढच्या तातडीच्या प्रश्नांना भिडणे हे तंत्राच्या काटेकोरपणापेक्षा महत्त्वाचे आहे.

तुलनात्मक अभ्यासाची अडचण आरेंड लाइपहार्ट यांनी 1971 मध्ये नेमकी मांडली: चले (परिणाम घडवू शकणारे बदलते घटक) पुष्कळ आणि उदाहरणे थोडी. थीडा स्कॉचपॉल यांच्या फ्रान्स, रशिया व चीन येथील क्रांत्यांच्या 1979 मधील अभ्यासावर याच अंगाने टीका झाली. ज्या देशांत क्रांती झाली तेच प्रामुख्याने निवडले, तर क्रांतीची कारणे कशी कळणार, असे बार्बरा गेडिस यांनी 1990 मध्ये विचारले आणि स्कॉचपॉल यांचा सिद्धांत लॅटिन अमेरिकेतील देशांवर ताडून पाहिला. यावर आक्षेप असा घेतला गेला की, स्कॉचपॉल यांनी आपले विवेचन वसाहत न झालेल्या राज्यांपुरतेच ठेवले होते, त्यामुळे ही कसोटीच त्याला लागू नव्हती. या चर्चेत दोन्ही बाजूंना काही ना काही सोडावे लागले, म्हणून पद्धतीच्या वादांपैकी ती सर्वांत फलदायी म्हणावी लागेल.

गॅरी किंग, रॉबर्ट कोहेन आणि सिडनी व्हर्बा यांनी 1994 मध्ये संख्यात्मक व गुणात्मक संशोधनाचे तर्कशास्त्र एकच आहे, असे प्रतिपादन केले. मात्र ते तर्कशास्त्र त्यांनी संख्याशास्त्रातूनच घेतले होते. हेन्री ब्रॅडी आणि डेव्हिड कॉलियर यांनी 2004 मध्ये त्याला उत्तर दिले: एखादी घटना टप्प्याटप्प्याने कशी घडत गेली याचा मागोवा हादेखील स्वतंत्र पुरावा असतो, आणि तो तक्त्यातील आणखी एका ओळीएवढाच धरता येत नाही.

दरम्यान ऑक्टोबर 2000 मध्ये ‘मिस्टर पेरेस्ट्रोइका’ या टोपणनावाने पाठवलेल्या एका ईमेलने अमेरिकेत खळबळ उडवली. अमेरिकन राज्यशास्त्र संघटनेचे मुख्य नियतकालिक गणिती प्रतिमाने आणि सांख्यिकी यांच्याच ताब्यात गेले आहे, अशी त्यात तक्रार होती. तिला दोनशेहून अधिक अभ्यासकांनी जाहीर पाठिंबा दिला. पुढे 2003 मध्ये संघटनेने अधिक व्यापक लेखनासाठी दुसरे नियतकालिक सुरू केले.

या चळवळीला पाठिंबा देणाऱ्या सुझान रुडॉल्फ पुढे संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांची भूमिका भारतात घडली होती. 1950 च्या दशकात त्या व त्यांचे पती लॉइड रुडॉल्फ मद्रास राज्यात मतपाहणी करत होते. ‘एका व्यक्तीला एकटे गाठून तिचे खासगी मत विचारायचे’ हा पाहणीचा नियम तिथे टिकेना, कारण प्रश्न एकाला विचारला की घरचे आणि शेजारी भोवती जमत आणि उत्तर सगळ्यांचे मिळून येई. सुझान रुडॉल्फ यांनी यातून काढलेला निष्कर्ष मोलाचा आहे: प्रश्नावलीतच माणसाविषयीचे एक तत्त्वज्ञान दडलेले असते.

म्हणून भारतात पाहण्या निरर्थक ठरल्या, असे मात्र नाही. पुणे विद्यापीठातील वि. म. सिरसीकर यांनी 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा वर्तनवादी अभ्यास केला. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन केंद्राने 1967 पासून राष्ट्रीय पातळीवर निवडणूक अभ्यास हाती घेतले. याच केंद्राच्या ‘लोकनीती’ उपक्रमात, ज्याचे सहसंचालकपद पुण्याच्या सुहास पळशीकर यांनी भूषवले, मत कोणाला दिले हा प्रश्न तोंडी न विचारता उत्तरदात्याला नकली मतपत्रिका आणि पेटी दिली जाते. भोवती माणसे असली तरी उत्तर त्याचे एकट्याचे राहावे, यासाठी केलेली ही सोय म्हणजे मद्रासच्या अनुभवाला दिलेले व्यवहारी उत्तरच आहे.

अलीकडे प्रयोगांना महत्त्व आले आहे. मुंबई महापालिकेत महिलांसाठीचे प्रभाग सोडतीने ठरत असल्यामुळे संशोधकाच्या हस्तक्षेपाशिवायच प्रयोगासारखी स्थिती निर्माण झाली. रिखिल भावनानी यांनी 1997 मध्ये राखीव असलेले आणि 2002 मध्ये खुले झालेले प्रभाग दोन्ही वेळा खुल्या असलेल्या प्रभागांशी ताडून पाहिले. आधी आरक्षण असलेल्या प्रभागात महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली. आरक्षणाचा परिणाम नंतरही उरतो, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने सिद्ध झाले नसते. परंतु निवडून आलेल्या नगरसेविकेचे निर्णय कोण घेते, पक्षात तिचे वजन किती, हे सोडतीतून कळत नाही. त्यासाठी प्रभागातच जाऊन बसावे लागते.

सध्याचा वाद पारदर्शकतेचा आहे. 2014 मध्ये अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी संशोधनाची मूळ सामग्री खुली करण्याची अट स्वीकारली आणि पुढच्याच वर्षी ती लांबणीवर टाकावी, अशी मागणी हजाराहून अधिक अभ्यासकांनी केली. आकड्यांचा संच फेरतपासणीसाठी देता येतो. संघर्षग्रस्त भागात विश्वासाने बोललेल्या माणसाच्या मुलाखतीच्या टिपणवह्या तशाच खुल्या केल्या, तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो, आणि नाव गाळले तरी लहान गावात तो सहज ओळखू येतो.